पानामागची आंबोली

आंबोलीला लोक जातात ते जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्याखाली भिजायला आणि भाजलेलं कणीस खायला. आम्ही गेलो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेही किड्यांची अंडी बघायला. हे ऐकून घरातल्यांचे जे चेहरे झाले, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

याला कारण भाची. आठवीत आहे. कुंडीतल्या कढीपत्त्यावर सापडलेल्या अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत तिने सगळं पाहिलं आणि मग एकच प्रश्न धरून बसली: शेजारी जास्वंद, मोगरा, तगर सगळं असताना ती मादी कढीपत्त्यावरच का आली? तिचे वडील, म्हणजे माझा मामेभाऊ, आमचा दादा, शिरोळकडे ऊस करतात. ते म्हणाले, "ताई, तूच ने हिला कुठंतरी. मला रोज सोडत नाही बघ ती." शेवटी तेही आले. गाडी त्यांचीच होती.

ऑक्टोबर मुद्दाम निवडला होता. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भर पावसाळ्यात छत्री सांभाळायची की भिंग, असा प्रश्न पडतो. पाऊस ओसरला की पालवी, फुलं, फुलपाखरं आणि कोळी एकदमच वर येतात. फक्त हस्ताचा पाऊस दुपारनंतर गाठतो, म्हणून हिंडायचं ते सकाळी. राहायची सोय फोनवरच झाली.

गुरुवार: आजऱ्याच्या पुढे

कोल्हापुरातून न्याहारी करून निघालो. आजऱ्याच्या आसपास घनसाळ भात निसवायला आलेला, काचा खाली केल्या की त्याचा वास आत येत होता. पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. नुकतीच सर येऊन ऊन पडलं होतं आणि आदल्याच दिवशी धुतलेली दादाची काळी गाडी आरशासारखी चमकत होती.

अंडी बघायला आंबोलीपर्यंत जावंच लागलं नाही. पिवळसर चतुरांची एक जोडी बॉनेटवर उतरायची, मादी शेपटीचं टोक टेकवायची, उडायची, पुन्हा टेकवायची. भाचीने भिंग लावलं तर पत्र्यावर बारीक ठिपके. ती अंडीच होती.

हा चतुर म्हणजे ग्लोब स्किमर. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी मैदानावर, भातखाचरांवर हेलिकॉप्टरसारखे थवे दिसतात ते बहुतेक हेच. तो अंडी घालतो तात्पुरत्या डबक्यात, सड्यावरच्या म्हणजे कातळी पठारावरच्या खळग्यात, चाकोरीत साचलेल्या पाण्यात. तिथे मासे नसतात, हा फायदा. डबकं आटतं, हा धोका. म्हणून त्याची पिल्लं घाईने वाढतात आणि महिना-दीड महिन्यात पंख फुटून बाहेर पडतात. मोठ्या तळ्यात वर्षभर रमतगमत वाढायची चैन याला नाही.

पण गाडीवर का? पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झालेला उजेड आडव्या दिशेने ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच हलतात. आपल्या डोळ्याला तो वेगळा कळत नाही, चतुराला कळतो, आणि त्याच्यापुरती पाण्याची खूण तीच. ओलावा, वास, लाटा हे सगळं नंतर. काळा, गुळगुळीत, पॉलिश केलेला पत्रा हीच खूण पाण्याहूनही ठळकपणे देतो. हंगेरीतले संशोधक गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. तिकडे काळ्या पॉलिशच्या थडग्यांवर चतुर पाणी समजून घिरट्या घालतात. डांबरी रस्त्यांवर दुसऱ्या एका जातीचे पाणकिडे ढिगाने अंडी टाकतात आणि ती सगळी तिथेच वाळून जातात.

"म्हणजे माझी गाडी तळं हाय असं वाटलं की यांना!" दादा खूश झाला होता. मग बॉनेटला हात लावून बघितला, चटका बसला, आणि गुपचूप डिकीतला टॉवेल काढून वर पसरला. टपरीवाल्या मावशींना वाटलं गाडी तापली, त्यांनी पाण्याची कळशी आणून ठेवली. (या दिवसांत जाणार असाल तर गाडी झाडाखाली लावा. फिकट रंगाची असेल तर चतुर सहसा फसत नाहीत.)

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पोचलो. खोलीच्या दाराआड पंजाएवढी कोळीण भिंतीला चिकटून बसलेली, पोटाखाली बटणासारखी चपटी पांढरी चकती. भाची किंचाळली आणि क्षणात भिंग घेऊन पुढे झाली. तोवर घरमालकीण काकू आल्या. "तिका मारू नकात हां. झुरळां खाता ती."

ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. ही घरातली मोठी कोळीण जाळं विणत नाही, शिकार धावून पकडते. तिला जागा निवडायची कटकटच नाही, अंडी स्वतःच्या अंगाखाली घेऊन हिंडते. बाहेर ठेवली तर मुंग्या आणि बारीक गांधीलमाश्या टपलेल्याच असतात. तिला तिथेच राहू दिलं. रात्री बाथरूमला जाताना मात्र तिघांनीही त्या दाराकडे आधी बॅटरी मारली.

जेवायला कुळथाची पिठी, भात, लाल माठाची भाजी आणि भाजलेला पापड. घाटावर पिठलं-भाकरीवर वाढलेल्या दादाने पिठी तीनदा मागून घेतली.

जेवणानंतर गावातल्या एका मुलाबरोबर सड्याच्या बाजूला फिरलो. बॅटरी हातात न धरता कपाळावर बांधा, ही त्याची पहिली सूचना. उजेड डोळ्यांच्या रेषेत असला की गवतात हिरवट ठिणग्या दिसायला लागतात. ते लांडगा कोळ्यांचे डोळे. एकीच्या मागे वाटाण्याएवढा करडा गोळा जोडलेला होता. ही पोटाखाली नाही, मागच्या टोकाला बांधून अंडी ओढत नेते. पिल्लं फुटली की ती आईच्या पाठीवर चढतात. फाब्र या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने अशाच एका कोळिणीची पिशवी काढून तिला कॉर्कची गोळी दिली होती, तर तीच चिकटवून ती चालू लागली. चतुराला काळा पत्रा फसवतो, हिला बूच.

जळवांसाठी: मोजे पँटवर चढवा आणि मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा. ऑक्टोबरमध्ये त्या कमी असतात, नसतात असं नाही.

शुक्रवार: हिरण्यकेशी, उंबर आणि पडवी

सकाळी हिरण्यकेशीला. नदीचा उगम गुहेतून होतो, तिथे महादेवाचं देऊळ. इथल्या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाला २०२० साली हिरण्यकेशीचंच नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. मासे बघायला वाकून उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यावर, दोन झाडांच्या मध्ये, सोनेरी धाग्यांची भली मोठी जाळी होती. त्यातल्या कोळिणी बोटभर लांब. वर कुणी बघत नव्हतं, तेच बरं.

एका जाळ्यात मात्र मालकीण नव्हती. वाटाड्या मुलाने आजूबाजूची जमीन बघायला लावली. वाटेपासून चार पावलांवर, मुळांच्या बेचक्यात, ती खाली उतरलेली. आयुष्यभर हवेत राहणारा प्राणी जमिनीवर किती अवघडतो ते तिथे कळलं. लांबलचक पाय कुठे ठेवावेत हे तिला समजत नसावं. ही मोठी जंगल कोळीण अंडी जाळ्याजवळ टांगत नाही. खाली येऊन मातीत खळगा करते, त्यात अंडी घालून वर रेशीम लपेटते आणि मग माती, काटक्या, सुकलेली पानं ओढून झाकते. आम्ही पोचलो तेव्हा शेवटचं झाकणं चाललं होतं. एक पान तिने ओढलं, टाकलं, दुसरं घेतलं. पंधरा-वीस मिनिटांनी ती वर चढून गेली, आणि जिथे ती होती ती जागा आम्हा तिघांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी आठवत होती. झाकण्याचं काम चांगलं झालं म्हणायचं.

तिची बहीण म्हणावी अशी सिग्नेचर कोळीण, जाळ्यात नागमोडी पांढरी रेघ काढणारी, ती अंड्यांची पिशवी जाळ्याच्या शेजारी पानाखाली टांगते. एकाच रानात, एकाच उंचीवर राहणाऱ्या दोघींचं मत इतकं वेगळं. उघड्यावर टांगलं तर परजीवी माश्या येतात, मातीत पुरलं तर ओल आणि मुंग्या. दोन्ही जाती टिकल्यात म्हणजे दोन्ही हिशेब जमतात.

परतताना वाटेवर उंबर लागला. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळांनी लगडलेला, खाली सडा पडलेला. पाराखाली दत्ताच्या पादुका आणि ताजी फुलं. भाचीला एक फळ फोडायचं होतं, मी म्हटलं झाडावरचं नको, खाली पडलेलं घे. फोडल्याबरोबर आतून केंबरं उडाली.

उंबर फोडून केंबरं उडवू नयेत असं म्हणतात. आम्ही तर त्यासाठीच गेलो होतो. उंबराचं फळ म्हणजे आत दुमडलेला फुलांचा गुच्छ. शेकडो फुलं पोकळीच्या आत तोंड करून असतात. कच्चं फळ योग्य वेळी एक वास सोडतं आणि त्या वासाच्या मागावर जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी येते. उंबराची तिची जात ठरलेली, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. फळाच्या टोकाला असलेल्या चिंचोळ्या भोकातून ती आत घुसते. ती वाट इतकी अरुंद की पंख बाहेरच गळून पडतात. म्हणजे परत यायचा प्रश्नच मिटला. आत ती एकेका फुलात अंडं घालायचा प्रयत्न करते. ज्या फुलांचा दांडा आखूड, तिथे तिची अंडं घालायची नळी तळापर्यंत पोचते. लांब दांड्याच्या फुलात ती पुरत नाही, पण त्या खटपटीत बरोबर आणलेले परागकण तिथे लागतात आणि बी धरतं. थोडी फुलं तिच्या पिल्लांची, थोडी झाडाची. मग ती आतच मरते. तिच्या पिल्लांतले नर पंखांविनाच जन्मतात, मादीशी संग करून फळाला भोक पाडतात आणि तेही बहुतेक तिथेच संपतात. बाहेर पडून नवं फळ शोधायचं काम फक्त माद्यांचं, आणि त्यांच्या हाती एखाद-दुसरा दिवस.

फळाच्या बाहेरच्या सालीवर मात्र वेगळंच चाललं होतं. शरीराहून कितीतरी लांब, केसासारखी शेपूट असलेल्या माश्या फळावर उभ्या राहून ती शेपूट आत खुपसत होत्या. या आत शिरतच नाहीत. बाहेरूनच फळाला भोक पाडून, अंदाजाने, आतल्या अळीपर्यंत किंवा फुलापर्यंत अंडं पोचवतात. केसाहून बारीक सुई कडक फळात वाकत कशी नाही? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशाच एका जातीच्या सुईचं टोक तपासलं, तेव्हा त्यात जस्त सापडलं. टोकाला धातूने कडकपणा आलेला.

भाचीने अर्धं फळ वहीत दाबलं. वहीची ती पानं नंतर चिकटली ती चिकटलीच.

दुपारी दोनला आभाळ भरून आलं आणि हस्ताने गाठलं. गडगडाट असा की काकूंचा कुत्रा खाटेखाली. पडवीत बसून गरम भजी, आणि वरच्या वाशाला मातीची छोटी छोटी मडकी. त्यांच्याकडे आजोबांनी, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांनी बोट दाखवलं. "कुंभारीण. दरवर्षी हयच येता."

आजोबा पोथी वाचणारे. भागवतात अवधूत आपले २४ गुरू सांगतो. त्या यादीच्या अगदी शेवटी, शेजारीशेजारी, कोळी आणि कुंभारीण आहेत हे त्यांनीच सांगितलं. कुंभारीण अळी कोंडते, अळी भयाने तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता कुंभारीणच होते, अशी ती गोष्ट. मी गप्प बसले. दादाने मात्र विचारलं, "पण आजोबा, अळीचं काय होतं आत?" आजोबा हसले. "ता मडक्याक इचार."

एक जुनं मडकं आधीच फुटलेलं होतं. त्यात सुकलेली टरफलं, बारीक पाय, कोशाचं पातळ आवरण. मडकं बांधणारी माशी आधी मडकं तयार करते, मग छताला बारीक धाग्याने अंडं टांगते, आणि मग अळ्या पकडून, डंख मारून लुळ्या करून आत भरते. अळ्या मेलेल्या नसतात म्हणून सडत नाहीत. वर अंडं टांगलेलं, त्यामुळे खाली वळवळणाऱ्या अळीचा त्याला धक्का लागत नाही. तोंड लिंपून ती निघून जाते. लांबट नळ्या बांधणारी तिची नातलग अळ्यांऐवजी कोळी भरते. आदल्या रात्री अंडी पोटाशी धरून बसलेल्या कोळिणीची जात इथे दुसरीच्या पिल्लांची शिदोरी होते. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की आत अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली. गोष्ट निरीक्षणातूनच आली असणार. मधलं काय ते मातीच्या आड राहिलं.

आणि ही बाईसुद्धा उगाच वाशाला येत नाही. पावसाने माती विरघळणार नाही अशी कोरडी जागा, आणि पन्नास पावलांत ओला चिखल, हे दोन्ही लागतं. पडवी आणि विहीर असलेलं घर तिला सोईचं.

पाऊस थांबल्यावर काकूंनी पागोळीखालचे ड्रम भरून ठेवले. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, ओल्या कडेला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून ड्रम नुसता ओतून चालत नाही, कडा घासायच्या. काकूंनी नारळाच्या किशीने लगेच घासून घेतला. त्या संध्याकाळी आमच्या माहितीचा झालेला उपयोग तेवढाच.

शनिवार: घाट उतरून पारपोली

आंबोली घाट उतरलं की पायथ्याशी पारपोली. फुलपाखरांचं गाव म्हणून आता ओळखलं जातं. नऊच्या आत पोचा. ऊन अंगावर येईपर्यंत फुलपाखरं पंख पसरून बसलेली असतात, अकरानंतर हाती लागत नाहीत.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे माकडलिंबाच्या एका झुडपावर मिळालं. ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, तळहाताएवढं काळं-निळं. फुलांवर मध पितानाही पंख फडफडवतच राहतं. ही मादी मात्र फुलांकडे ढुंकूनही बघत नव्हती. झाडाझाडाला भिरभिरत, पानावर क्षणभर टेकून पुढच्या पायांनी पान बडवून पुढे जात होती. करवंद, नाही. कुडा, नाही. माकडलिंबू. तिथे जरा जास्त थांबली, पोट वाकवलं, एक फिकट मोती चिकटवला, गेली.

ते बडवणं म्हणजे चव घेणं. फुलपाखराच्या मादीच्या पुढच्या पायांवर चवीचे केस असतात. लांबून ती पानाचा आकार, रंग आणि वास यांवरून अंदाज बांधते, पण अंतिम निर्णय पायांचा. लिंबू, कढीपत्ता, बेल, माकडलिंबू ही सगळी एकाच कुळातली, त्यांच्या पानांत ठरावीक रसायनं असतात आणि ती जुळली तरच अंडं. जास्वंदाला कितीही फुलं असोत, पायाला ती चव लागत नाही. त्यात पुन्हा कोवळं पान हवं. नवजात अळीच्या जबड्याला जून पान चावत नाही. गंमत म्हणजे मादी स्वतः ते पान कधीच खाणार नसते. तिला लागतो मध.

वाटेवरच्या घरातल्या मावशी आमचं रांगणं बघत होत्या. भाचीने त्यांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मगे आमी नाय बाळंतपणाक म्हायेराक जात? तशीच ती. ज्या झाडार वाढली त्याच झाडार येतली." मी इतकी पानं खर्चून जे सांगते आहे, ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं आणि आम्हाला घावणे खायला आत बोलावलं. घावणे, नारळाचा रस आणि काळ्या वाटाण्याची आमटी. दादा आजही त्या आमटीबद्दल बोलतो.

पोटभर खाल्ल्यावर आणखी दोन तास. सदर्न बर्डविंग डोक्यावरून पक्ष्यासारखं गेलं, तिचा वेल ईश्वरी. या कुळातली पानं विषारी. अळ्या ते विष अंगात साठवतात आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. आईने पान निवडलं म्हणजे नुसतं जेवण नाही, संरक्षणही निवडलं. आंब्यावरच्या बांडगुळाच्या पानामागे हळदीकुंकू फुलपाखराची अंडी, एकेक नव्हे तर ओळीने मांडलेला घोसच. मॉरमॉन एक पान एक अंडं असं विखरून टाकते आणि ही सगळी एकत्र. विखुरली तर एक पकडली गेली तरी बाकीच्या वाचतात, एकत्र वाढल्या तर जून पान सगळ्या मिळून कुरतडतात. कुंपणाच्या पानफुटीवर रेड पिएरोची अंडी. तिची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते, वरून फक्त फिका डाग दिसतो. आणि पांढरे पिठ्या ढेकूण माजलेल्या एका जास्वंदीवर एपफ्लाय फुलपाखरू. हिचं पिल्लू पान खातच नाही, ढेकूण खातं. म्हणून मादी झाड नाही, ढेकणांची वस्ती बघते.

मॉरमॉनच्या एका जुन्या अंड्याचा रंग काळपट होता. भिंगातून बघितलं तर वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक. इथे दादा पहिल्यांदा स्वतःहून बोलायला लागला. "ही तर आमची ट्रायकोकार्डची गोष्ट झाली की." उसावरच्या खोडकिडीसाठी तो शेतात कागदी पट्ट्या टाचतो. त्यांवर तांदळातल्या पतंगाची अंडी असतात आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी वाढत असते. बाहेर पडली की ती खोडकिडीच्या पतंगाची अंडी शोधते आणि त्यांच्या आत आपलं अंडं घालते. तिला जागा म्हणून पान नको, माती नको, दुसऱ्याचं अंडंच हवं. इथे हे काम तिच्याच जातकुळीतल्या कुणीतरी केलं होतं. दादा हे वर्षानुवर्षं शेतात करतोय, पण ते चाललेलं प्रत्यक्ष पाहिलं त्याने इथेच.

घरी फुलपाखरं यावीत म्हणून लोक झेंडू, घाणेरी, एक्झोरा लावतात. मध प्यायला येतील, राहणार नाहीत. कुंडीत कढीपत्ता, लिंबू आणि पानफुटी लावा, परसात जागा असेल तर एखादी रुई राहू द्या. आणि पानं कुरतडलेली दिसली की औषध मारू नका, मग लावायचंच कशाला.

रविवार: माडाखाली

पारपोलीतल्या त्याच मावशींच्या दिरांची बाग खाली सावंतवाडीच्या रस्त्याला. त्यांना आमचा उद्योग कळला होता, म्हणून त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. "फुलपाखरां कसली बघतास, माझो माड बघा."

दोन माडांच्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप. हे काम गेंडा भुंग्याचं. तो माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो, पण अंडी तिथे घालत नाही. अंडी घालतो उकिरड्यात, कुजलेल्या शेणखतात, पडलेल्या माडाच्या कुजक्या खोडात, आणि त्याचा पांढरा जाडजूड हुमणीसारखा अळा तिथे महिनोन्महिने वाढतो. काकांचा शेणखताचा खड्डा माडांपासून हाकेच्या अंतरावर. फावड्याने खत उलटलं, तर तिथे अंगठ्याएवढे अळे गुंडाळून पडलेले. कोंबड्यांनी पुढचं काम केलं.

भुंग्याने पाडलेली भोकं पुढच्या पाहुणीच्या कामी येतात. सोंड्या भुंग्याच्या मादीला माडाच्या जखमेतून वाहणाऱ्या, आंबलेल्या रसाचा वास लांबून येतो, आणि ती तिथेच अंडी घालते. तिची पिल्लं खोड आतून पोखरतात, बाहेरून काही कळत नाही, आणि एक दिवस शेंडा वाकतो. म्हणजे एकाने शेणात जन्म घेऊन माडाला भोक पाडायचं आणि दुसरीने त्या भोकात पिल्लं घालायची. चढताना पायऱ्यांसाठी कोयत्याने खाचा पाडायची जुनी पद्धत याच कारणाने महागात पडते. जखम झाली की डांबर लावायचं, हे काकांना माहीत होतं. खतातल्या अळ्यांवर हिरवी मेटारायझियम बुरशी सोडतात, हे दादाला माहीत होतं. अर्धा तास दोघेच बोलत होते, एक माडाचा, एक उसाचा.

काजूच्या बागेत रोठा दाखवला. या भुंग्याची मादी अंडी घालते बुंध्याच्या खालच्या भागात, सालीच्या भेगांत किंवा उघड्या पडलेल्या मुळांवर. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला की आत अळी आहे. जुन्या, आधीच पोखरलेल्या झाडाकडे माद्या आणखी ओढल्या जातात, म्हणून एक झाड गेलं की शेजारचं बघायचं. काका बुंध्याला डांबर आणि रॉकेल लावून ठेवतात. साल गुळगुळीत आणि वासाची झाली की मादी पुढे जाते. निवड तिची असली तरी पर्याय बदलता येतात, हे इथल्या शेतकऱ्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. सगळी लढाई अंडं पडायच्या आधीची.

परतीचा प्रवास सावंतवाडीवरून. मोती तलावाला एक फेरी, बाजारात कोकम आणि काजू, पुन्हा घाट, धुकं.

जाणार असाल तर: दहा पटीचं साधं भिंग पुरतं, महागडा कॅमेरा लागत नाही. गावातला वाटाड्या घ्याच. पैसे गावात जातात आणि त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. पान उलटून बघा, तोडू नका. अंडं पानासकट घरी आणलं आणि ते पान सुकलं, की अळीला दुसरं पान मिळत नाही. ईश्वरीचा वेल रानातून उपटून आणू नका, बर्डविंगची घरं आधीच कमी आहेत. आणि गुडघ्यावर बसून रांगायची तयारी ठेवा. आम्ही तिघांनी मिळून जितकं चाललो त्याहून जास्त रांगलो असू.